राबाचा धूर आणि टाकीतला वायू

उन्हाळ्यात कर्जत-खालापूरच्या खाचरांतून धूर उठताना दिसतो. भाताची रोपे करायच्या वाफ्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचतात, वर माती भुरभुरतात आणि ते सावकाश जाळतात. यालाच राब भाजणे म्हणतात.

ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींसाठी मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा त्यातला एक मोठा वाद. शेतकऱ्याला भाताची काळजी होती, जंगलखात्याला झाडांची.

या राबाचा शास्त्रीय अभ्यासही झाला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राबाच्या उष्णतेने तणाचे बी मरते, मातीतील काही अन्नद्रव्ये विरघळण्याजोगी होतात आणि राखेतून पालाश मिळते. पण शेणापाल्यातील बहुतेक नत्र व कार्बन हवेत निघून जातो. चुलीत गोवरी जाळली तरी तेच होते.

हेच शेण बंद टाकीत कुजवले, तर प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्यातील कार्बनाच्या काही भागाचा मिथेन बनवतात. नत्र मात्र बहुतांशी मळीत उरतो. चूल पेटते आणि खतही शेतात जाते.

मैल्याचेही असेच आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून वापरला होता. मग ही युक्ती गावोगाव का गेली नाही? आमच्या मते अडचण रसायनाची कमी आणि जातीची अधिक होती. मैला उचलणे एकाच समाजावर लादलेले होते. इतरांनी त्याकडे पाहायचेही नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात स्वतः भंगीकाम करण्याचा आग्रह धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास, खत व गोबरगॅस यांचे प्रयोग केले. १९५९ पासून देहूत काम करणाऱ्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले वायुसंयंत्र सिद्ध केले. तेथे मैला कोणी हाताळावा लागत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. टाकीतून निघालेल्या मळीत जंतांची अंडी जिवंत राहू शकतात. म्हणून शेतात टाकण्यापूर्वी ती पुरेसा काळ कुजवावी लागते. आणि मळीने खत मिळाले, तरी राबाप्रमाणे तण मरत नाही. त्यासाठी वेगळा उपाय हवा.

शिक्षकांनी मुलांकडून एक नोंद करून घ्यावी : आपल्या गावातले शेण कोठे जाते, संडासाची टाकी भरल्यावर ती कोण उपसतो आणि तो मैला कोठे टाकतात? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला बहुधा वेळ लागेल. तो का लागला, हेही मुलांनी लिहावे.