पुण्याचं नाव पुसलं गेलं, निळ्या सरड्याचं टिकलं

आमच्या वऱ्हाडात, अकोला-अमरावतीकडं, विहिरीला सुरुंग लावला की काळा दगड वर येतो. एखाद्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या सुया चमकतात. फोटो स्टेटसला जातो आणि खाली कुणीतरी विचारतंच, ‘युरेनियम आहे का बे?’

नाही! आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात युरेनियम साधारण टनाला एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. त्या सुया बहुतेक झिओलाइटच्या असतात, म्हणजे पोकळीत झिरपलेल्या पाण्यातून हळूहळू वाढलेल्या.

पण मला खरी मजा पुढच्या प्रश्नात वाटते. एखादं खनिज जगात नवीन आहे, हे ठरवतं कोण?

१८३१ साली हेन्री ब्रूक या इंग्रज स्फटिक-अभ्यासकासमोर पुण्याकडचे असेच सुयांसारखे स्फटिक आले. तेव्हा हत्यारं मोजकी: भिंग, फुंकनळीची ज्योत आणि स्फटिकाचे कोन मोजायचं यंत्र. ब्रूकला हे खनिज वेगळं वाटलं. त्यानं नाव दिलं ‘पूनालाइट’. आपलं पुणं खनिजशास्त्राच्या पुस्तकात गेलं! पुढं तपासणी होत गेली तसं कळलं, हे तर आधीच नाव मिळालेलं खनिज. पुण्याचं नाव यादीतून गेलं. ब्रूक काही अडाणी नव्हता; ब्रूकाइट हे खनिज त्याच्याच नावाचं आहे. फक्त स्फटिकाच्या आत डोकावायची सोय त्याच्या काळी नव्हती. ती आली १९१२ नंतर, क्ष-किरणांमुळे.

आता येऊ युरेनियमकडं. अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘ब्लू लिझार्ड’, म्हणजे निळा सरडा, नावाची युरेनियमची जुनी खाण आहे. काम थांबलं, माणसं गेली, पण दगड गप्प बसला नाही. बोगद्यातली ओल आणि हवा खनिजाला लागत राहिली आणि भिंतींवर पिवळे बारीक स्फटिक फुटले. आपल्याकडं ओलीच्या भिंतीवर मीठ फुटतं ना, तसंच.

जो मार्टी हे हौशी संग्राहक, प्राहाचे याकुब प्लाशिल, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाचे अँथनी कॅम्फ आणि त्यांचे सहकारी याच्या मागं लागले. इलेक्ट्रॉनचा झोत टाकून त्यांनी घटक मोजले: सोडियम, युरेनियम, सल्फेट, क्लोरीन, पाणी. क्ष-किरणांनी अणूंची मांडणी काढली. रंग, कठीणपणा, चमक, सगळं लिहिलं. अशी फाइल आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या समितीकडं जाते. ही समिती १९५९ पासूनची. तिथं देशोदेशीचे तज्ज्ञ मत देतात. शिवाय मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर तोच दगड पुन्हा तपासता येतो. सविस्तर वर्णन २०१४ साली छापून आलं. खनिज पिवळं, नाव मात्र ‘ब्लूलिझार्डाइट’!

दोन्ही गोष्टींत माणसं हुशारच होती. फरक पडला पुराव्याचा. खनिज नुसतं सापडून नवं होत नाही. ते आधीच्या कुठल्याही खनिजात बसत नाही, हे दाखवावं लागतं.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. विहिरीतून देखणा स्फटिक निघाला की तो धुऊन शोकेसमध्ये जातो, नाहीतर विकला जातो. गाव कोणतं, विहीर किती खोल, कोणत्या थरातून आला, काहीच लिहिलेलं नसतं. मग तो फक्त शोभेचा दगड उरतो. तुम्हाला असं काही मिळालं तर फोटोसोबत ठिकाण, तारीख आणि खोली लिहून ठेवा, आणि दगड जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवा. युरेनियम निघणार नाही. पण वऱ्हाडचा एक दगड पत्त्यासकट नोंदला जाईल, आणि पुढच्या तपासणीला तोच कामी येईल.

भेटू पुढच्या भागात!