धार्मिकाची गाथा : एका उदाहरणाचा इतिहास

पद्यातील अलंकार ओळखून दाखवावा, ही परीक्षापत्रिकांतील परिचित मागणी होय. गाथासप्तशतीतील, वेबरच्या क्रमाने १७५ वी, गाथा मात्र या मागणीस सहजी दाद देत नाही. आशय साधा आहे. कोणा धार्मिकाला निर्धास्त हिंडण्यास सांगितले आहे. कारण, त्या कुत्र्याला गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या उन्मत्त सिंहाने आज ठार केले. उपमा, रूपक, श्लेष यांपैकी येथे काहीच नाही. तरीही काश्मीरच्या अवंतिवर्म्याच्या राज्यात (८५५-८८३) प्रसिद्धीस आलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्द्योतात हीच गाथा घेतली : वाच्य विधिरूप, व्यंग्य निषेधरूप.

येथे ‘विपरीत लक्षणा’ असा शेरा मारून मोकळे होण्याचा मोह अनेकांना पडतो. परंतु लक्षणेस मुख्यार्थाचा बाध लागतो, आणि या गाथेत मुख्यार्थ कोठेही अडत नाही. कुत्रे मेले, आता हिंडण्यास हरकत नाही, एवढे विधान आपल्या परीने पूर्ण आहे. सिंहाची वार्ता ओघात येते आणि तीच सारे उलटविते. अभिनवगुप्ताने ‘लोचना’त येथील आज्ञार्थाचे रूपसुद्धा तपासले आहे, ते हुकमाचे नसून मोकळीक देणारे आहे.

अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त हा निषेध केवळ अनुमानगम्य ठरविला. भित्र्याचे हिंडणे भयकारण नाही अशी खात्री पटल्यावरच घडते; गोदातीरी सिंह आहे; अर्थात तेथे हिंडणे संभवत नाही. मग व्यंजना हवी कशाला? युक्तिवाद देखणा खरा. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात नेमका त्यातील हेतूच फोडला. भित्रा मनुष्यही गुरूच्या वा स्वामीच्या आज्ञेने, प्रियेच्या ओढीने भयस्थानी जातो. म्हणून हेतू अनैकांतिक. कुत्र्याला भिणारा वीर सिंहाला भीत नसेल, म्हणून विरुद्ध. शिवाय सिंहाचे अस्तित्व प्रत्यक्षाने वा अनुमानाने ठरलेले नाही, ते कोणाच्या तरी शब्दावरून कळले आहे, म्हणून असिद्ध. तिसरा आक्षेप सर्वांत मर्मभेदी म्हटला पाहिजे. सिंह बहुधा नाहीच!

परंतु सिंह नाही, हे तरी कशावरून समजावयाचे? बोलणारी स्वैरिणी असून गोदाकाठचे आपले संकेतस्थळ ती राखीत आहे, हे पक्षप्रतिपक्षांनी गृहीत धरले आहे. गाथेत स्त्रीचा उल्लेख नाही, संकेताचाही नाही. ही पार्श्वभूमी टीकाकारांनी पुरविली. मात्र ती मनाची म्हणता येणार नाही. सप्तशतीत नदीकाठच्या जाळ्या आणि तेथील गुप्त भेटी वारंवार येतात. संग्रह वाचीत आलेल्या रसिकाला ही वक्ती आधीच ओळखीची असते. शास्त्रग्रंथांत गाथा सुटी उचलली गेली, तेव्हा ही ओळख अवतरणिकेत लिहून ठेवावी लागली. वक्ता, बोद्धव्य, देश, काल इत्यादींच्या वैशिष्ट्याने अर्थ व्यंजक होतो, असे मम्मट तिसऱ्या उल्लासात सांगतो. त्यांतील वक्ता बदलला, एखादा सरळ मनाचा गुराखी तेथे उभा केला, की हीच गाथा धार्मिकाला दिलेली खुशखबर होऊन बसते.