नांवांची वही आणि नांवांचा वृक्ष

इ. स. १९६९ च्या अखेरीस अमेरिकेंतील चार संस्थांचे संगणक एकमेकांस जोडले गेले. या जाळ्याचें नांव आर्पानेट. आजच्या इंटरनेटचा उगम तेथेंच आहे. प्रत्येक संगणकास क्रमांक असे; परंतु माणसाच्या स्मरणांत आंकडे टिकत नाहींत, नांवें टिकतात. म्हणून कोणतें नांव कोणत्या क्रमांकाचें, याची एक यादी ठेवण्यांत आली. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखालीं ती सांभाळली जाई. नवा संगणक जोडावयाचा झाला कीं तेथें कळवावें, तेथें नांव नोंदलें जावें, आणि इतरांनीं ती यादी उतरवून घ्यावी, असा परिपाठ होता. गांवच्या कुळकर्ण्याच्या दप्तरासारखाच हा कारभार.

गांव लहान होतें तोंवर तो चालला. पुढें संगणक शेंकड्यांनीं वाढले; यादी लांबली आणि सर्वांकडे पोहोंचेपर्यंत जुनी होऊं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं निराळीच तोड सुचविली. त्यांनीं वहीऐवजीं एक वृक्ष कल्पिला. मुळाशीं असणारानें मुख्य शाखा कोणाच्या स्वाधीन आहेत एवढेंच जाणावें. प्रत्येक शाखेच्या धन्यानें आपल्या उपशाखांची नोंद ठेवावी. ‘डोमेन’ म्हणजे असें एकेकाचें अधिकारक्षेत्र. पत्रावर जसें आधीं घर, मग पेठ, शेवटीं शहर, तसेंच या नांवांतहि लहान भाग आधीं व मोठा शेवटीं येतो, मध्यें टिंबें असतात; आणि संगणक टपालखात्याप्रमाणें तें शेवटाकडून उलगडतो.

१९८४ सालीं जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनीं मुख्य शाखा जाहीर केल्या. व्यापाऱ्यांस ‘कॉम’, शिक्षणसंस्थांस ‘एज्यु’, इतर संस्थांस ‘ऑर्ग’. ‘गव्ह’ आणि ‘मिल’ या शाखा अमेरिकन सरकार व सैन्य यांच्या. ‘नेट’ मागाहून आली. दुसरा वर्ग दोन अक्षरी देशशाखांचा. त्यांत भारताची ‘इन’ १९८९ सालीं आली.

परंतु देश कोणता म्हणावयाचा? शाखा देणें म्हणजे एका अर्थीं मान्यता देणेंच. पोस्टेल यांनीं हा वाद आपल्या दाराशीं येऊं दिला नाहीं. देश ठरविणें हें नोंदणी करणाराचें काम नव्हे, अशी भूमिका त्यांनीं १९९४ सालीं लेखी मांडली आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची देशांच्या संकेताक्षरांची यादी प्रमाण मानली.

अधिकार असा शाखाशाखांत वाटला गेला, तरी मुळाचा प्रश्न उरलाच. तेथें पोस्टेल यांच्या शब्दास मान होता, तो कायद्यामुळें नव्हे, विश्वासामुळें. जानेवारी १९९८ मध्यें त्यांच्या सांगण्यावरून आठ मूळ यंत्रांच्या चालकांनीं सरकारी कंत्राटदाराचें यंत्र सोडून त्यांच्या यंत्राकडून नांवें घ्यावयास प्रारंभ केला. सरकारनें हरकत घेतली. पोस्टेल यांनीं ती केवळ चांचणी असल्याचें सांगून सर्व पूर्ववत् केलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत या कामासाठीं ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली, आणि ऑक्टोबरांत पोस्टेल वारले. या कामावरील अमेरिकन सरकारची देखरेख संपावयास २०१६ साल उजाडलें.

देवनागरी ‘भारत’ ही शाखा २०१४ सालीं सर्वांस खुली झाली. मराठी नांव मराठी अक्षरांत लिहितां येऊं लागलें. तथापि मुळाशीं रोमन अक्षरेंच चालतात. म्हणून ‘भारत’ हा शब्द आधीं रोमन संकेतांत पालटतो आणि मगच पुढें जातो. शाखा जगभर पसरल्या, तरी त्या पहिल्या यादीची लिपि बुडाशीं अजून तशीच आहे.