पितळ उघडं पडलं: पावसाळ्यात तडकणाऱ्या काडतुसांची गोष्ट

ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये बसल्या बसल्या गायब होतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग लिहूनही देतोय.

१८५७ च्या काडतुसाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलीये. कागदाचं काडतूस, त्यावरची चरबी, ते दातांनी तोडायचा हुकूम आणि पुढचा सगळा भडका. पण हिंदुस्थानातल्या काडतुसांची अजून एक गोष्ट आहे. ती इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही, मटेरियल सायन्सच्या पुस्तकात सापडते. बीटेकला असताना आमच्या सरांनी ती दोन वाक्यांत उरकली होती. मी पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो, धातूंशी संबंध संपला, पण ती दोन वाक्यं डोक्यातून गेली नाहीत. कारण ती गोष्ट मुळात चुकीच्या आरोपीला पकडण्याची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कागदी काडतुसाची मोठी अडचण म्हणजे ओल. पावसात दारू भिजली की शिपायाच्या हातात नुसती काठी उरायची. १८६६ मध्ये ब्रिटिशांनी स्नायडर-एनफिल्ड रायफल घेतली आणि तिच्यासाठी वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याने नवं काडतूस तयार केलं. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी टोपी एकत्र, आणि बाहेरून पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी. तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, आपल्या पुण्यात खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे.

पण गुंडाळलेला पत्रा तो गुंडाळलेलाच. रायफल तापली, आत वाळू गेली की पत्रा फाटायचा आणि काडतुसाचा तुकडा नळीत अडकायचा. १७ जानेवारी १८८५ ला सुदानमधल्या अबू क्लियाच्या लढाईत ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अशाच अडकल्या. मग त्या रायफलीसाठीही एकाच तुकड्यातून ओढून काढलेली, अखंड पितळी पुंगळी आली. आपल्या वर्तमानपत्रांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं छापून येतं ना, तीच ही.

ही बनते कशी, ते नीट ऐका, कारण पुढचं रहस्य यातच आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. त्याची जाड चकती घ्यायची, दाबून वाटी करायची, मग ती वाटी साच्यातून ओढत ओढत लांब नळी करायची. हे सगळं धातू थंड असतानाच. थंड धातू असा ओढला की तो कडक होत जातो. म्हणून मधे मधे भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. कसबा पेठेत तांबट आळीत कधी गेलात तर हेच दिसेल. ठोकून ठोकून भांडं ताठरलं की कारागीर ते परत तापवतो आणि मग पुढचे ठोके घालतो. न तापवता ठोकत राहिलं तर भांडं चिरतं.

पुंगळीचं काम फक्त दारू भरून ठेवण्याचं नाही. गोळी सुटते त्या क्षणी आत वातावरणाच्या तीन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला चिकटते आणि गरम वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आक्रसते, म्हणून ती बाहेर काढता येते. मागे काय असतं? शिपायाचा चेहरा. म्हणजे पितळ फुगण्याइतकं लवचिक हवं आणि न फाटण्याइतकं चिवट हवं.

आता मुख्य प्रसंग. पावसाळ्यात फौजेच्या हालचाली कमी व्हायच्या. चिखलात तोफा-गाड्या चालणार कशा? तेवढे महिने काडतुसं साठवून ठेवली जायची आणि जागा सोयीची म्हणून ती घोड्यांच्या पागेत जायची. पाऊस संपला, पेट्या उघडल्या, तर बऱ्याच पुंगळ्यांना उभे तडे. तेही जास्त करून तोंडापाशी, जिथे पुंगळी गोळीला आवळून धरते तिथे. कोणी त्या वापरल्या नव्हत्या, आपटल्या नव्हत्या. ठेवल्या जागी तडकल्या होत्या.

इंटरनेटवर काही ठिकाणी ही घटना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची म्हणून सांगतात. ते शक्य नाही. तेव्हा पितळी काडतुसंच नव्हती.

तोंडाला तडा गेला की गोळी सैल होते आणि आत ओल शिरते. म्हणजे ज्या कारणासाठी कागद सोडून पितळ घेतलं, ते कारणच संपलं. आणि तडा अंगाला गेला असेल तर बार उडताना वायू मागे फुटणार किंवा पुंगळी नळीतच तुटून बसणार. आणि हे कळणार कधी? समोर शत्रू असताना.

या दुखण्याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. नावाचे दोन अर्थ सांगतात. एक म्हणजे पावसाच्या सीझनमध्ये पडणारे तडे. दुसरा म्हणजे मुरवायला ठेवलेलं लाकूड तडकतं तसे तडे. कुठलाही घ्या, दोन्हीत दोष जातो हवामानाला किंवा काळाला. इथली हवाच वाईट, धातूसुद्धा टिकत नाही! खरं तर एवढंच कारण असतं तर कोकणातल्या घराघरांतल्या समया आणि घंगाळी दर श्रावणात तडकली असती. तिथे पाऊस काय कमी पडतो? पितळ काळवंडतं, हिरवट डाग पडतात, पण ते तडकत नाही.

खरं उत्तर १९२१ मध्ये आलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी पितळेच्या या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं की गुन्हेगार एकटा नाही. घोड्याच्या मूत्रातला युरिया कुजतो आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. पागेत गेल्यावर नाकात जो झणका बसतो, तोच. दमट हवेत हा अमोनिया पितळेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि त्यातल्या तांब्याशी संयोग करतो. पण नुसत्या अमोनियाने एवढे उभे, खोल तडे गेले नसते. धातू थंड ओढताना आणि तोंड आवळताना त्याच्या आत ताण साठून राहिलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून पितळ स्वतःलाच खेचत असतं. अमोनिया धातूच्या कणांमधल्या सीमांवर काम करतो, आतला ताण ती फट उघडत नेतो, मग अमोनिया आणखी आत शिरतो.

आमच्या कामात असले बग असतात. एक अट पूर्ण झाली तर काही होत नाही, दोन झाल्या तरी होत नाही, तिन्ही एकत्र आल्या की सर्व्हर आडवा. इथे तीन अटी होत्या: जस्त भरपूर असलेलं पितळ, साठलेला ताण आणि ओलसर अमोनिया. पावसाळा फक्त त्यांना एका खोलीत आणून बसवत होता. आणि यातली ताणाची अट काडतूस कारखान्यातूनच सोबत घेऊन यायचं.

म्हणून उपायही कारखान्यातच होता. तयार पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवायची. एवढ्या उष्णतेत तिचा कडकपणा फारसा जात नाही, पण आतला ताण बराच निघून जातो. तोंडापाशी वेगळी, जास्त आच द्यायची. लष्करी काडतुसांच्या तोंडाजवळ निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच आचेची. ती मुद्दाम ठेवतात, म्हणजे तपासणाऱ्याला कळतं की हे काम झालंय. बाजारात विकायची काडतुसं मात्र बऱ्याचदा पॉलिश करतात आणि ती झाक निघून जाते. गिऱ्हाइकाला चकचकीत माल आवडतो. म्हणजे बघा, चकाकीपायी पुरावाच पुसला जातो.

इथून आपण साफसफाईवर येतो. अमेरिकेत नेमबाजी करणारे बरेच लोक वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्यात नवीन टोपी, दारू आणि गोळी भरतात, कारण काडतुसातला पुन्हा वापरता येण्यासारखा आणि महागडा भाग पुंगळीच असतो. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा घरी कोणी डोकं चालवू नका.

तिकडची साफसफाईची पद्धत मजेशीर आहे. फिरत्या किंवा थरथरत्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भुगा घालून त्यात पुंगळ्या घोळवतात. किंवा मग पाणी, साबण, थोडं सायट्रिक अ‍ॅसिड आणि स्टीलच्या बारीक पिना. कोरड्या पद्धतीत उडणाऱ्या धुळीत टोपीतल्या रसायनाचं शिसं असतं, ते श्वासातून शरीरात जातं. म्हणून अनेक जण ओली पद्धत पसंत करतात.

सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे आपलं लिंबू. आजी देवाची भांडी चिंचेने घासते, तिथे काम करतं टार्टरिक अ‍ॅसिड. दोन्हीकडे तत्त्व एकच. सौम्य आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. फार वेळ बुडवून ठेवलं तर जस्तही निघायला लागतं आणि पितळ गुलाबी दिसतं, म्हणून काम झालं की धुऊन, पुसून टाकायचं. आजीला हे सगळं कोणत्याही निबंधाशिवाय माहीत असतं.

जाणकार तिथे एक गोष्ट कटाक्षाने टाळतात, ती म्हणजे अमोनिया असलेलं पॉलिश. एनसीसीत असलेल्यांना ब्रासोचा वास आठवत असेल. बेल्टचं बकल त्याने घासलं की आरसा होतो. बकलला सहसा काही होत नाही, कारण पॉलिश मिनिटभर लागतं, लगेच पुसलं जातं आणि बकलमध्ये हजारो पट दाब कोणी निर्माण करत नाही. पुंगळीच्या कानाकोपऱ्यात ते राहून गेलं, तर आपण पागेतली गोष्ट परत लिहायला बसलो म्हणून समजा. ही भीती उद्योगांतही आहे. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांत तांब्या-पितळेचे नळ घालत नाहीत, पोलादाचे घालतात.

शेवटची एक घटना, अमेरिकेतली. काडतुसाच्या टोपीत पूर्वी पाऱ्याचं संयुग असायचं. काळी दारू जळायची तेव्हा तिच्या भरपूर काजळीत तो पारा विखरून जायचा आणि पुंगळी धुतली की बराचसा निघायचा. धूर न करणारी नवी दारू आली, काजळी गेली, पुंगळ्या आतून स्वच्छ दिसायला लागल्या. आणि त्याच पुंगळ्या दुसऱ्यांदा वापरताना फुटायला लागल्या! पारा थेट पितळेत मुरत होता आणि ते ठिसूळ करत होता. धुऊन तो निघण्यासारखा नव्हता. शेवटी १८९० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलने पारा नसलेली टोपी वापरात आणली.

तेव्हा पुंगळी साफ करायची, पण चमकवण्यासाठी नाही. घाण आत राहिली तर साचा खरवडतो, हे एक. आणि दुसरं, माझ्या मते जास्त मोठं कारण: घाण निघाली की तडा दिसतो. साफसफाई ही तपासणीची पहिली पायरी आहे. ज्या पॉलिशमुळे वस्तू छान दिसते पण तिच्याबद्दल काहीच कळत नाही, ते तपासणीच्या कामाचं नाही.

आपल्या भाषेत एखाद्याचं ढोंग कळलं की 'पितळ उघडं पडलं' म्हणतात. इथे पितळाने काही ढोंग केलंच नव्हतं. त्याला ओढताना, आवळताना जे सोसावं लागलं ते त्याच्या आत तसंच होतं. बाकीच्यांनी मात्र बाहेर बघितलं, पाऊस दिसला आणि पावसाचं नाव लिहून टाकलं. १९२१ ला खरं कारण कळलं, तरी पुस्तकांत नाव अजून 'सीझन क्रॅकिंग'च आहे.

तर पुढच्या वेळी कोणी म्हणालं, की इथल्या हवेतच काही टिकत नाही, तर एवढंच विचारा: वस्तू आली तेव्हा तिच्यात ताण किती होता, आणि ती ठेवली कुठे होती?

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि देवघरातल्या समईला चिंचच लावा.