स्क्रूज चोर नव्हता

डिसेंबर आला की ‘अ ख्रिसमस कॅरल’ची गोष्ट कुठून तरी कानावर पडतेच. एबेनेझर स्क्रूज नावाचा कवडीचुंबक म्हातारा, त्याच्या मेलेल्या पार्टनरचं, म्हणजे मार्लीचं भूत, मग आणखी तीन भुतं आणि सकाळी पार बदलून गेलेला स्क्रूज. पण मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात भयंकर सीन भुतं येण्याआधीच होऊन जातो.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दोन गृहस्थ स्क्रूजच्या ऑफिसात गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात. तो उलट त्यांनाच विचारतो, तुरुंग आहेत ना? वर्कहाउस चालू आहेत ना? त्यांच्यासाठी मी पैसे भरतो, तेवढं पुरे. तिथे जाण्यापेक्षा मेलेलं बरं असं अनेकांना वाटतं, असं ते सांगतात. त्यावर हा म्हणतो की मग मरावं त्यांनी, जास्तीची लोकसंख्या तरी कमी होईल!

आता इथे जरा थांबा. स्क्रूज चोर नाही. तो कुणाला फसवत नाही, त्याचा हिशेब चोख आहे. आणि त्याचं हे बोलणं त्या काळातल्या भल्याभल्या, शिकलेल्या लोकांच्या तोंडी होतं. ‘जास्तीची लोकसंख्या’ ही काळजी थॉमस माल्थस या अर्थशास्त्र्याने १७९८ च्या निबंधापासून चर्चेत आणली होती. वर्कहाउस तर थेट कायद्यातून पसरले. १८३४ च्या नव्या कायद्याचं धोरण असं, की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये यावं. तिथलं जगणं मुद्दाम इतकं कष्टाचं ठेवायचं, की बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराचं आयुष्यही त्यापेक्षा बरं वाटावं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. म्हणजे स्क्रूजचा प्रश्न सरकारी धोरणाला धरूनच होता की!

चार्ल्स डिकन्सला हे इतकं का झोंबलं? १८२४ साली कर्ज फेडता आलं नाही म्हणून त्याच्या वडिलांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं. तेव्हा जेमतेम १२ वर्षांचा चार्ल्स बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता, आठवड्याला ६-७ शिलिंगांवर. ही गोष्ट त्याने जगापासून जन्मभर लपवली.

१८४३ साली बालमजुरांवरचा सरकारी अहवाल त्याच्या हाती पडला. त्यावर पत्रक काढायचं त्याने ठरवलं आणि मग बेत बदलला. पत्रक कोण वाचणार? त्याच सप्टेंबरात तो लंडनच्या फील्ड लेनमधली रस्त्यावरच्या पोरांची शाळा बघून आला. त्यानंतर सुमारे ६ आठवड्यांत पुस्तक लिहून झालं. दुसऱ्या भुताच्या झग्याखालून बाहेर येणारी दोन खंगलेली पोरं आठवतात? एकाचं नाव अज्ञान, दुसरीचं दारिद्र्य. सिनेमावाले हा तुकडा बऱ्याचदा कापून टाकतात. माझ्या मते सगळं पुस्तक त्या पानासाठी आहे. आणि त्या रात्री भूत स्क्रूजचेच तुरुंग-वर्कहाउसचे शब्द त्याच्याच तोंडावर फेकतं.

शेवट मात्र मला थोडा खटकतो. मालकाचं मन बदललं, त्याने कारकून बॉब क्रॅचिटचा पगार वाढवला, छान झालं. पण वर्कहाउस तसेच उभे राहिले, आणि ज्यांच्या मालकाकडे भुतं आलीच नाहीत त्यांचं काय?

अजून एक गंमत. १९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक आलं आणि पहिल्या ६,००० प्रती ख्रिसमसच्या आत संपल्या. किंमत होती ५ शिलिंग. बॉबचा आठवड्याचा पगार १५ शिलिंग! म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं, त्याला ते विकत घ्यायला आठवड्याच्या पगाराचा एक तृतीयांश मोजावा लागला असता. तेही घरात सहा मुलं असताना.

दहा वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, डिकन्सने बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये हीच गोष्ट स्वतः वाचून दाखवली. त्यातला एक कार्यक्रम खास कामगारांसाठी ठेवायचा, असा त्याचाच आग्रह होता. तिकीट ठेवलं अर्धा शिलिंग, आणि हॉल कामगारांनी भरून गेला.