अनुभवाची मोजदाद

कोणत्याही विद्येंत नवखा मनुष्य शिरला, कीं तो पहिल्याच दिवशीं दोन प्रश्न विचारतो : वर लवकर कसें चढावें, आणि चढण्यासाठीं जवळ काय काय असावें ? गाण्याच्या शिकवणीस जा, तालमींत जा, अथवा संगणकावरील खेळापुढें बसलेल्या मुलांत जा, प्रश्न हेच. या शेवटच्या ठिकाणीं मात्र त्यांचीं उत्तरें फार नेमक्या आंकड्यांत मिळतात. ज्या 'डायाब्लो' खेळानें हा प्रकार जगभर रूढ केला, त्यांत वीराची पायरी आंकड्यांत असते, त्याचें बळ आंकड्यांत असतें, चिलखताची मजबुती आंकड्यांत असते, आणि 'अनुभव' हाहि आंकड्यांतच असतो. वडील माणसें या सर्व प्रकाराकडे पोरखेळ म्हणून पाहतात. परंतु अनुभव मोजतां येतो ही कल्पना मनुष्यास केव्हां व कशी सुचली, हा प्रश्न पोरकट नाहीं. आणि त्या कल्पनेचा इतिहास पाहिल्यावांचून नवख्यास द्यावयाचा उपदेशहि नीट उमगत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ प्रशियाच्या छावणींत होतो. १८२४ मध्यें फॉन रायस्विट्झ नांवाच्या तोफखान्यांतील एका तरुण अधिकाऱ्यानें, आपल्या वडिलांनीं आरंभिलेल्या युद्धखेळाचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याचे लहान ठोकळे मांडावयाचे, दोन्ही पक्षांनीं आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि गोळीबाराचें फळ पंचानें फांसे टाकून व कोष्टकें पाहून ठरवावयाचें, अशी त्याची रीत होती. सेनाप्रमुख फॉन म्युफ्लिंग यानें तो पाहून साऱ्या सैन्यास त्याची शिफारस केली. या खेळांत हिशेब होता तो केवळ हानीचा. पलटण मार खाऊन किती उरली हें कोष्टक सांगे. लढून ती किती शहाणी झाली हें सांगणारें कोष्टक त्यांत नव्हतें. शहाणें व्हावयाचें तें पटाभोंवतीं बसलेल्या अधिकाऱ्यानें, आणि त्या शहाणपणाचा हिशेब कोठेंच लिहावयाचा नव्हता.

बरोबर दीडशें वर्षांनीं दुसऱ्या खंडांत हिशेबाची दुसरी बाजू उघडली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील मिनियापोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळांचा नाद असलेली कांहीं तरुण मंडळी होती. त्यांपैकीं डेव्हिड वेस्ली यानें १९६९ च्या सुमारास प्रत्येक गड्यास सैन्याऐवजीं एकेका व्यक्तीची भूमिका देऊन पाहिली. त्याचा सोबती डेव्ह आर्नेसन यानें पुढचें पाऊल टाकलें : आजचा डाव संपला तरी वीर संपत नाहीं, तो पुढच्या डावांत येतो, आणि मागच्यापेक्षां थोडा अधिक समर्थ होऊन येतो. विस्कॉन्सिन राज्यांतील गॅरी गायगॅक्स यानें या कल्पनेस नियमांचें रूप दिलें, आणि १९७४ मध्यें दोघांच्या नांवानें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या तीन लहान पुस्तिका निघाल्या. पहिली आवृत्ति अवघी १००० प्रतींची होती.

त्या पुस्तिकांतील कोष्टक पाहण्यासारखें आहे. योद्ध्यास दुसऱ्या पायरीवर चढण्यास अनुभवाचे २००० गुण लागत. तिसरीस ४०००, चौथीस ८०००, पांचवीस १६०००. हे गुण राक्षस मारून मिळत, त्याप्रमाणेंच भुयारांतून वर आणलेल्या सोन्यानेंहि मिळत. एका मोहरेस एक गुण असा भाव होता. अनुभवाची ही व्याख्या कोणा तत्त्ववेत्त्यास मान्य होणार नाहीं. परंतु तिनें एक मोठें कार्य केलें. प्रशियाच्या पटावर फक्त मरण मोजलें जात होतें. येथें जगून वांचलेल्याची वाढ मोजली जाऊं लागली.

पुढें हे फांसे व हीं कोष्टकें संगणकाच्या पोटांत गेलीं. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनीं 'रोग' नांवाचा खेळ रचला. आपल्या भाषेंतील रोगाशीं या नांवाचा संबंध नाहीं. त्याचा अर्थ भामटा असा आहे. त्यांतील भुयार प्रत्येक डावांत नवें घडे, आणि वीर मेला कीं कायमचा मरे. सारी पायरी, सारीं शस्त्रें एका क्षणांत शून्य होत. पुन्हां आरंभ करणाऱ्या गड्याजवळ उरे तें एकच : आपण कां मेलों याचें ज्ञान. १९९६ च्या अखेरीस आलेला 'डायाब्लो' याच कुळांतला. त्याचा एक कर्ता डेव्हिड ब्रेव्हिक यानें आपल्या लहानपणच्या गांवाजवळील डोंगराचें नांव त्यास दिलें. आरंभीं तोहि बुद्धिबळाप्रमाणें पाळीपाळीनें चालावयाचा होता. रचना चालूं असतां पाळी काढून टाकण्यांत आली, आणि शत्रु गड्याच्या विचारासाठीं थांबेनासा झाला. विचार आधीं करून ठेवणें भाग पडलें, आणि म्हणूनच नवख्यास उपदेशाची गरज लागली.

तो उपदेश पूर्णत्वास आला २००० सालच्या 'डायाब्लो २' मध्यें. येथें प्रत्येक पायरीगणिक वीरास पांच गुण मिळतात, आणि बळ, चापल्य, प्राणशक्ति व मंत्रशक्ति या चारींत ते आपण वांटावयाचे असतात. नवखा गडी हे पांच गुण चौघां भावांत इस्टेट वांटावी तसे सारखे वांटतो. न्याय म्हणून हें उत्तम. नीति म्हणून घातक. जाणता सांगतो कीं बळ व चापल्य हीं जें शस्त्र व चिलखत वापरावयाचें त्यास लागतील तेवढींच घ्यावीं, आणि बाकी बहुतेक सारें प्राणशक्तींत घालावें. रांगड्या 'बार्बेरियना'स प्राणशक्तीच्या एका गुणामागें आयुष्याचे ४ अंश मिळतात, जादूगारणीस २. परंतु दोघांचाहि नियम तोच. कारण मारण्याची शक्ति शस्त्रांतून व विद्येंतून पुष्कळ मिळते, मंत्रशक्तीची तूट औषधाच्या बाटलीनें भरून निघते. मार सोसून उभें राहण्याची शक्ति मात्र आपल्या गांठीचीच लागते.

शस्त्रें व चिलखतें यांच्या बाबतींत नवखा रंगाला भुलतो. या खेळांत साधी वस्तु पांढरी, मंतरलेली निळी, दुर्मिळ ती पिवळी आणि अद्वितीय ती सोनेरी अक्षरांत दाखविली जाते. पिवळें अक्षर दिसलें कीं नवख्यास वाटतें आपणांस घबाड मिळालें, आणि तें तो दहा पायऱ्या पुढें गेल्यावरहि सोडीत नाहीं. वास्तविक आरंभींच्या पायऱ्यांवरचें प्रत्येक शस्त्र हें वाटेवरच्या धर्मशाळेसारखें आहे. रात्र काढावी व पुढें जावें. उलट ज्या साध्या चिलखतास केवळ दोन खोबणी आहेत म्हणून त्यानें तें फेंकून दिलें, त्यांतच 'ताल' व 'एथ' हीं दोन अक्षरें याच क्रमानें बसविलीं असतां 'स्टेल्थ' हा सिद्धमंत्र होतो, आणि सतराव्या पायरीपासून तो अंगावर घालतां येतो. ही सोय २००१ च्या पुरवणीनें आणली. आणि तिची अट अशी कीं चिलखत मंतरलेलें नसावें. खेळाच्या कर्त्यांनीं येथें कोऱ्या वस्तूचा मान वाढविला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अग्नि, शीत, विद्युत् व विष या चारांपासून रक्षण करणारे अंश चिलखतावर व अंगठ्यांवर लिहिलेले असतात. त्यांची नेहमीची मर्यादा शेंकडा ७५. नवखा म्हणतो, ५० जमले, बरेंच झालें. आतां हिशेब पाहा. शत्रूच्या १०० अंशांच्या आगीपैकीं ५० रक्षण असणाऱ्यास ५० लागतात, ७५ असणाऱ्यास २५. म्हणजे पहिल्या ५० अंशांनीं मार निम्मा झाला, तसा शेवटच्या २५ अंशांनींहि तो पुन्हां निम्माच झाला. वरचे अंश खालच्यांच्या दुप्पट मोलाचे आहेत. शिवाय पुरवणीच्या नियमांप्रमाणें 'हेल' या तिसऱ्या व कठीणतम फेरींत प्रत्येक रक्षणांतून १०० वजा होतात. ज्यानें आधीं नेमके ७५ च जमविले होते तो उणे २५ वर येतो, आणि १०० ची आग त्यास १२५ होऊन लागते. पुष्कळ वीर या उंबरठ्यावर पडतात, आणि मालक तलवारीस दोष देतात.

पण या उपदेशांत जी तळमळ दिसते, तिचें खरें कारण निराळें आहे. दहा वर्षें या खेळांत दिलेला गुण परत घेतां येत नसे. पांच गुण चुकीच्या ठिकाणीं गेले, कीं गेले. कित्येक दिवस खपून वाढविलेला वीर वर चढून निकामी ठरे, आणि पहिल्या पायरीपासून दुसरा घडवावा लागे. २०१० च्या दुरुस्तीनें ही शिक्षा उठविली. पहिल्या फेरींतील पहिलीच कामगिरी पुरी केली कीं आकारा नांवाची वृद्धा सर्व गुण एकवार मोकळे करून देते. प्रत्येक फेरींत अशी एक संधि. ही क्षमा मला योग्यच वाटते. ज्यास सुधारण्याची वाट नाहीं, तो शिकण्याऐवजीं दुसऱ्याची वही उतरून घेतो. आणि क्षमेपूर्वीं नवखे गडी तेंच करीत.

तथापि जुन्या कठोर नियमांत जें शिकवण होतें, तें विसरूं नये. पहिला वीर बिघडवून दुसरा आरंभिणाऱ्याच्या पानावर अनुभव शून्य लिहिलेला असे. पण तोच गडी या खेपेस वाटेंत घुटमळत नसे, रंगाला भुलत नसे, आगीपुढें उघडा जात नसे. शून्य लिहिलेला तो वीर मागच्यापेक्षां शहाण्या हातांत होता. हाच अनुभव प्रशियाच्या अधिकाऱ्यानें घरीं नेला होता आणि 'रोग' खेळणाऱ्या विद्यार्थ्यानें प्रत्येक मरणानंतर जवळ ठेविला होता. दोनशें वर्षांच्या या इतिहासांत कोणत्याहि कोष्टकानें तो मोजलेला नाहीं.

मोजलेल्या अनुभवाची शिडी कोठें जाते, हेंहि नवख्यानें आरंभींच पाहून ठेवावें. दुसऱ्या पायरीस ५०० गुण लागतात, तिसरीस एकूण १५००. तासाभरांत मनुष्य कित्येक पायऱ्या चढतो आणि हर्षित होतो. शेवटच्या ९९ व्या पायरीस एकूण सुमारें ३५२ कोटि लागतात, आणि त्यांतले सुमारें २९ कोटि केवळ ९८ वरून ९९ वर जाण्यास. खेळांतील शेवटचा शत्रु पडण्यास त्या पायरीची गरज नाहीं. म्हणजे कोठें तरी मध्यें शिडीचा घाणा होतो. पाऊल चालतें, वाट सरत नाहीं. तें स्थळ ओळखून उतरणें हा उपदेशाचा शेवटचा भाग होय, आणि तो खेळाच्या बाहेरहि उपयोगी आहे.

माझा जन्म उत्तरपत्रिकांवर गुण मांडण्यांत गेला. त्यामुळें आंकड्यांचा मी शत्रु नाहीं. आंकड्यावांचून नवख्यास पुढचें पाऊल दिसत नाहीं, हें मी जाणतों. म्हणून प्राणशक्ति वाढवावी, रक्षण पुरें करावें, कोरें चिलखत फेंकूं नये, हें सर्व मी मुलास सांगेन. पण त्याचा पहिला वीर बिघडला, तर घाईनें सुधारून देणार नाहीं. त्यास दुसरा घडवूं द्यावा, आणि त्या वीराच्या पानावर अनुभवापुढें जें शून्य दिसेल, तें मुलाच्या अनुभवाचें नव्हे, एवढें त्यास समजावून द्यावें.