बी१२ बनवणारा जिवाणू ऊर्जा कशी मिळवतो?

व्हिटॅमिन बी१२ ना झाडं बनवतात, ना प्राणी. ते फक्त काही जिवाणू आणि त्यांच्यासारखेच सूक्ष्म आर्किया बनवतात. वुडवर्ड आणि एशेनमोझर यांच्या गटांनी १९७२ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं, पण त्याला साठहून जास्त पायऱ्या लागल्या. म्हणून कारखान्यात आजही हे काम जिवाणूच करतात.

चूल कशी पेटते?

यातला एक जिवाणू म्हणजे प्रोपिओनिबॅक्टेरियम फ्रॉयडेनरायकी. स्विस चीजमधली भोकं याच्याच वायूमुळे पडतात. आपण ऑक्सिजन वापरून साखर पूर्ण जाळतो, तर हा ऑक्सिजनशिवाय ती आंबवतो. साखर मोडताना सुटलेले इलेक्ट्रॉन कुठेतरी सोपवावेच लागतात, नाहीतर सगळी गाडी अडते. ते खपवता खपवता शेवटी प्रोपिओनिक आम्ल तयार होतं. या मार्गावरचं एक एन्झाइम बी१२ शिवाय चालतच नाही. थोडक्यात, जिवाणू बी१२ बनवतो तो स्वतःची चूल पेटती ठेवायला!

मग हवा कशाला?

बी१२ च्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो आणि खालच्या बाजूला डीएमबीआय नावाचा तुकडा. हा तुकडा बनवायला मात्र थोडा ऑक्सिजन लागतो. सुरुवातीलाच हवा सोडली तर उत्पादन घटतं, आणि अजिबात दिली नाही तर रेणू अर्धवट राहतो. म्हणून काम दोन टप्प्यांत चालतं:

१. आधी काही दिवस हवेशिवाय वाढ. साठलेलं आम्ल जिवाणूंनाच मारक ठरतं, म्हणून अल्कली घालून ते उदासीन करतात.

२. नंतर बेताने हवा, म्हणजे रेणू पूर्ण होतो.

स्यूडोमोनास डिनायट्रिफिकन्स या दुसऱ्या जिवाणूचं उलट आहे. तो श्वसनावर जगतो, त्यामुळे त्याला पहिल्यापासून हवा द्यावी लागते.

आपल्याला काय फरक पडतो?

शेवटी पेशी तापवून, सायनाइड वापरून बी१२ टिकाऊ रूपात काढतात. गोळीच्या पाकिटावरचं ‘सायनोकोबालामिन’ ते हेच. त्यातलं सायनाइड इतकं कमी असतं की नेहमीच्या डोसला घाबरायचं कारण नाही.

स्पिरुलिनातल्या ‘बी१२’ मध्ये मात्र बहुतांशी तो खालचा तुकडाच वेगळा असतो, आणि तो रेणू आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही. त्यामुळे शाकाहारी मंडळींनी, विशेषतः दूधही न घेणाऱ्यांनी, त्याच्या भरवशावर राहू नये.